वाचकांचे प्रश्न : हलक्या किट कारला डोनर गाडीचे मागचे सस्पेन्शन

प्रश्न : मी दोन आसनांची, उघडी किट कार (सुटे भाग जुळवून स्वतः बांधायची गाडी) बांधत आहे. डोनर, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे अशी गाडी, म्हणून फोर्ड सिएरा घेतली असून तिचे मागचे सेमी-ट्रेलिंग आर्म (चाकाला चासीशी जोडणारे, तिरक्या बिजागरांवर वर-खाली होणारे हात), स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) जसेच्या तसे नळ्यांच्या नव्या चासीवर बसवले आहेत. डोनर गाडीचे वजन सुमारे ११५० किलो होते. माझी गाडी चालकासह ६८० किलोच्या आसपास भरेल. चाकांवर उतरवल्यावर तिची मागची बाजू अपेक्षेपेक्षा पाच सेंटिमीटर उंच उभी राहिली, मागच्या चाकांची वरची कड बाहेर झुकली, आणि मागच्या नळीवर दोघांनी भार दिला तरी ती जेमतेम दबते. एका अनुभवी मेकॅनिकने स्प्रिंगचे दोन वेढे कापण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : वेढे कापू नयेत. उंच उभी राहिलेली मागची बाजू, झुकलेली चाके आणि न दबणारी स्प्रिंग या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : स्प्रिंग ज्या वजनासाठी बनवली गेली, ते वजन आता तिच्यावर नाही. कापल्यावर गाडीची उंची खरोखरच कमी होते, म्हणून हा सल्ला पटकन पटतो. पण मूळ दोष त्याने कमी न होता वाढतो. हे आकड्यांनी पाहिले, की पुढे काय करायचे तेही स्पष्ट होते.

डोनर गाडीत मागच्या एका चाकावर, चाक-हब-ब्रेक यांचे वजन वगळून, साधारण २५० किलो भार होता असे धरू. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठरपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरला, तर त्या भाराखाली चाक सुमारे १२३ मिलिमीटर दबलेले असते. आपल्या गाडीचा ५२ टक्के भार मागे आहे असे मानले, तर एका मागच्या चाकावर १७७ किलो येतात, आणि चाक-हब-ब्रेकचे ३२ किलो वजा केले की स्प्रिंगने पेलायचे वजन १४५ किलो उरते. तीच स्प्रिंग या वजनाखाली फक्त ७१ मिलिमीटर दबते. दोन्हींतला फरक ५२ मिलिमीटरांचा, म्हणजे आपण मोजलेल्या पाच सेंटिमीटरांच्या अगदी जवळचा आहे. सेमी-ट्रेलिंग आर्मची रचनाच अशी, की चाक वर गेले की त्याची वरची कड आत येते आणि चाक खाली लोंबले की ती बाहेर जाते; त्यामुळे चाकांचे झुकणे हा वेगळा बिघाड नसून त्याच पाच सेंटिमीटरांचा परिणाम आहे. आर्म वाकला असावा असे समजून तो बदलायला आपण निघाला असाल, तर थांबावे.

उंचीपेक्षा महत्त्वाचा आहे तो गाडीच्या झोक्याचा वेग. स्प्रिंगवरचे वजन एका सेकंदात किती वेळा वर-खाली होईल, हे ताठरपणा भागिले वजन याच्या वर्गमुळावर ठरते. डोनर गाडीत हा वेग १.४ हर्ट्झच्या आसपास होता, आणि आरामशीर कौटुंबिक गाडीला तो शोभतो. तीच स्प्रिंग आपल्या १४५ किलोंखाली १.९ हर्ट्झ देते. आता सल्ल्याप्रमाणे दोन वेढे कापून पाहू. स्प्रिंगचा ताठरपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून काम करणारे वेढे सात धरून त्यांचे पाच केले की तो सातास पाच या हिशोबाने वाढून चाकापाशी २८ न्यूटन प्रति मिलिमीटर होतो आणि वेग २.२ हर्ट्झवर पोहोचतो, जो सपाट शर्यतीच्या ट्रॅकसाठी ठीक असला तरी सामान्य रस्त्यावर चाकाला जमीन सोडायला लावणारा आहे. शिवाय अशी स्प्रिंग उभ्या गाडीत जेमतेम ५१ मिलिमीटर दबलेली राहते. चाक त्याहून अधिक खाली लोंबले, की स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते आणि परत येताना बैठकीवर नीट बसेलच याची खात्री राहत नाही. कापलेले टोक मूळच्या टोकासारखे सपाट बसत नाही, ही अडचण आणखी वेगळी. स्प्रिंग तापवून खाली बसवण्याचा उपाय तर मुळीच करू नये, कारण त्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते.

म्हणजे आपल्याला आखूड केलेली नव्हे, तर मुळातच मऊ स्प्रिंग हवी. हलक्या, रस्त्यावर चालवायच्या दोन आसनी गाडीला मागे १.६ हर्ट्झ हा चांगला आरंभबिंदू आहे. १४५ किलोंसाठी त्याला चाकापाशी सुमारे १४.७ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरपणा लागतो. स्प्रिंग मात्र चाकापाशी नसते, ती आर्मवर बरीच आत असते, आणि इथेच पुष्कळांचा हिशोब चुकतो. नवी स्प्रिंग जिथे बसणार तिथे खुणा करा, जुनी स्प्रिंग काढून चाक जॅकने बरोबर २० मिलिमीटर उचला आणि त्या दोन खुणांमधले अंतर किती कमी झाले ते मोजा. समजा ते १३ मिलिमीटरांनी कमी झाले, तर गुणोत्तर ०.६५ येते. चाकापाशी हव्या असलेल्या ताठरपणाला या गुणोत्तराच्या वर्गाने भागायचे असते, नुसत्या गुणोत्तराने नव्हे, कारण तरफेमुळे बल आणि सरकणे ही दोन्ही बदलतात. १४.७ ला ०.४२ ने भागले की स्प्रिंगचा ताठरपणा जवळजवळ ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो, म्हणजे जुन्या मापात इंचाला २०० पौंड, आणि या मापाची स्प्रिंग सहज बनवून मिळते. स्प्रिंग तिरकी बसवणार असाल, तरी प्रत्यक्ष मोजमाप केल्यास तिरकेपणा गुणोत्तरात आपोआप येतो. तो पुन्हा वेगळा धरू नये. चाक उभ्या उंचीच्या थोडे वर आणि थोडे खाली अशा दोन्ही ठिकाणी मोजले, तर गुणोत्तर प्रवासात किती बदलते तेही कळते.

जुन्या आणि नव्या स्प्रिंगच्या तारेत डोळ्यांना फारसा फरक दिसणार नाही, आणि त्यामुळे शंका येऊ शकते. ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सारे तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटर तार वापरली, तरी ताठरपणा जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचेही हेच आहे. त्याचा रोध, म्हणजे झोके शमवणारे बल, किती पुरेसा, हे वजन आणि ताठरपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते. वरच्या आकड्यांनुसार नवी स्प्रिंग बसवल्यावर डोनरचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आपल्या गाडीसाठी दीडपटीहून थोडा अधिक कडक ठरतो. त्याचा त्रास चाक वर जाताना कमी आणि खाली परतताना अधिक जाणवतो : लागोपाठच्या बारीक खड्ड्यांवर चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो, गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि काही अंतरावर ती स्प्रिंगवर नव्हे, तर रबरी थांब्यावर चालू लागते. चालकाला हे स्प्रिंग कडक असल्यासारखे वाटते, म्हणून तो आणखी मऊ स्प्रिंग घालतो, आणि गाडी आणखी बिघडते. यासाठी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर दोन्ही एकाच वेळी, एकाच हिशोबाने ठरवावेत.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते, तिच्याकडे येतो. आपण स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला कॉइलओव्हर घेणार असाल, आणि बहुतेक जण तोच घेतात, तर तो डोनर आर्मवरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जुन्या जागी जोडण्याचा मोह होईल. डोनर गाडीत स्प्रिंगची बैठक वेगळी आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा बोल्ट वेगळा असतो. त्या बोल्टाच्या जागेने गाडीचे वजन कधीच पेललेले नसते, तिला फक्त रोधाचे बल ठाऊक असते. ०.६५ गुणोत्तराने आपल्या कॉइलओव्हरवर गाडी नुसती उभी असतानाच सुमारे २२० किलोंचा भार येतो, आणि खोल खड्ड्यासाठी त्याच्या तिप्पट-चौपट भार धरूनच ब्रॅकेट बनवावा लागतो. म्हणून आर्मवर नवा ब्रॅकेट बांधावा, बोल्ट दोन्ही बाजूंनी पत्र्यात धरलेला असावा, एका बाजूने बाहेर लोंबणारा नसावा, आणि बोल्टाचा आटे पाडलेला भाग भार घेणाऱ्या पत्र्यात येऊ देऊ नये. आर्म दाबून घडवलेल्या पत्र्याचा असतो. ब्रॅकेट त्याच्या सपाट तोंडावर नुसता चिकटवला, तर वेल्ड टिकेल पण शेजारचा पत्रा फाटेल. ब्रॅकेटची पाळी आर्मच्या दोन्ही उभ्या भिंतींपर्यंत नेऊन भार तिथे उतरवावा. वरचे टोक चासीच्या जिथे नळ्या एकत्र येतात अशा सांध्यावरच घ्यावे. दोन सांध्यांच्या मधल्या नळीला ते जोडले, तर ती नळी वाकते, आणि मग नेमकी निवडलेली स्प्रिंगसुद्धा वाकणाऱ्या नळीच्या मर्जीने काम करते.

उंची ठरवण्याचा क्रमही उलटा ठेवावा. स्प्रिंग बसवून गाडी कुठे उभी राहते ते पाहण्याऐवजी, आधी चाकाच्या मध्याच्या तुलनेत आर्मची बिजागरे डोनर गाडीत ज्या उंचीवर होती त्याच उंचीवर आणून, स्प्रिंगच्या जागी लाकडी वा लोखंडी ठोकळा देऊन गाडी उभी करावी. त्या स्थितीत कॉइलओव्हरची लांबी मोजावी. चाकाला ६० मिलिमीटर वर आणि ५० मिलिमीटर खाली जागा द्यायची असेल, तर कॉइलओव्हरला सुमारे ७२ मिलिमीटर प्रवास लागेल. त्याहून थोडा जास्त प्रवास असलेलाच घ्यावा, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आतून ठोकण्यापूर्वी रबरी थांबा काम करील. सिएराच्या आर्मच्या बिजागरांचा तिरकेपणा बदलू नये. गाडी दिसायला खाली हवी म्हणून बिजागरे तशीच ठेवून चाके फार वर घेतली, तर वरची कड आत झुकते, टायरची आतली बाजू झिजते, आणि वळणावर चाकाची दिशा अधिक बदलू लागते.

शेवटी एक साधी पण हमखास राहून जाणारी गोष्ट. हे सारे मोजमाप चालक बसलेला असताना, किंवा त्याच्या वजनाची पोती आसनावर ठेवून, आणि टाकी अर्धी भरून करावे. ७५ किलोंचा सोबती बसला आणि त्याचा दोन तृतीयांश भार मागे आला, तर नव्या स्प्रिंगवर मागची बाजू १७ मिलिमीटर खाली जाते. कौटुंबिक गाडीत एका माणसाचा फरक विसरता येतो, आपल्या गाडीत येत नाही. डोनरचा मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) तूर्त बसवू नये. कमी वजनाच्या, खाली बसलेल्या गाडीत तो आतले चाक उचलतो आणि मागची बाजू घसरवतो. आधी त्याच्याशिवाय गाडी चालवून पाहावी.

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे मागचे डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन हातांनी धरणारी रचना) आहे. वरच्या हिशोबानुसार मलाही सर्व बदलावे लागेल का?

उत्तर : आपली डोनर गाडीच मुळात हजार किलोंच्या आतबाहेरची आहे, त्यामुळे वजनातली तफावत कमी आहे, पण ती आहेच, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हिशोब आपल्यालाही करावा लागेल. मुख्य फरक असा, की तिथे ते दोन्ही मुळातच एका जागी जोडलेले आहेत, म्हणून खालच्या विशबोनवरची जोडणी गाडीचे वजन पेलण्यासाठीच बनलेली आहे आणि ती वापरता येते. चासीवर विशबोन जोडताना चारही बिजागरांची एकमेकांपासूनची जागा डोनरच्या सबफ्रेमवरून (सस्पेन्शन ज्यावर जोडलेले असते त्या चौकटीवरून) जिग, म्हणजे जागा पक्क्या धरणारा साचा, बनवून उचलावी. फीत लावून घेतलेल्या मापावर इथे विसंबू नये, कारण वरच्या बिजागराच्या उंचीत काही मिलिमीटरांची चूक झाली, तरी चाक वर-खाली होताना त्याची दिशा बदलू लागते.

प्रश्न : माझ्या डोनर गाडीला मागे पाटे (पट्ट्यांच्या जुडग्याची स्प्रिंग) आणि सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आहे. गाडी हलकी असल्याने पाट्यांच्या जुडग्यातले एक-दोन पाटे काढून टाकले तर चालेल का?

उत्तर : पाटे कमी केल्याने ताठरपणा कमी होतो, एवढे खरे, पण पाटा फक्त वजन पेलत नाही. तो एक्सलला पुढे-मागे आणि आडवे जागेवर धरतो, आणि इंजिनचा जोर लागला की एक्सलच्या कवचाला फिरू न देण्याचे कामही तोच करतो. पाटे काढले की हे शेवटचे काम सर्वांत आधी ढिले पडते : जोरात निघताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो, सुटतो, पुन्हा मुरडतो, आणि मागची चाके धडधडत उडू लागतात. हलक्या गाडीत चाकांवर वजन कमी असल्याने हे लवकर घडते.

म्हणून पाटे पूर्ण काढून ती कामे वाटून द्यावीत. वजन पेलायला कॉइलओव्हर, पुढे-मागे धरायला आणि एक्सलचे फिरणे रोखायला दोन्ही बाजूंना एक वर आणि एक खाली असे चार दांडे, आणि आडवे धरायला पॅनहार्ड दांडा. हा दांडा जमेल तितका लांब असावा आणि गाडी चालकासह उभी असताना आडवा असावा. ९०० मिलिमीटर लांबीचा दांडा चाक ५० मिलिमीटर हलल्यावर एक्सलला दीड मिलिमीटरसुद्धा बाजूला सरकवत नाही. लांबी निम्मी केली, की हे सरकणे दुप्पट होते. १९५७ मध्ये आलेल्या लोटस सेव्हनपासून या जातीच्या गाड्यांनी सॉलिड एक्सल कॉइलओव्हरवर चांगला चालवून दाखवला आहे. त्याच गाडीच्या दुसऱ्या मालिकेत एक्सल धरण्यासाठी ए आकाराचा आर्म डिफरेन्शियलच्या कवचाला खालून जोडला होता, आणि त्या जोडावर येणाऱ्या भाराने कवचातून तेल गळू लागे. दांड्यांचे ब्रॅकेट कवचाच्या मध्यावर न लावता दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर लावावेत, ते याचसाठी.

एक मर्यादा मात्र स्वीकारावी लागेल. चाके आणि ब्रेक धरून सॉलिड एक्सल सहज शंभर किलोंच्या आसपास जातो, आणि हे सारे वजन स्प्रिंगच्या खाली असते. जड गाडीत वरच्या वजनाच्या मानाने ते थोडे असते. आपल्या गाडीत वरच्या वजनाशी त्याचे प्रमाण इतके वाढते, की खडबडीत रस्त्यावर एक्सल गाडीला हलवतो. हलकी चाके आणि हलके टायर यांवर केलेला खर्च इथे स्प्रिंगवरच्या खर्चापेक्षा अधिक फळ देतो. टायरमधली हवासुद्धा डोनर गाडीच्या तक्त्यानुसार भरू नये. या वजनाच्या गाड्यांना बहुधा १८ ते २० पीएसआय पुरते.

प्रश्न : चासी अरुंद ठेवण्यासाठी मागची चाके डोनरपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा सेंटिमीटर आत घ्यायची आहेत. ड्राइव्हशाफ्ट कापून मध्ये वेल्ड केले तर टिकतील का?

उत्तर : ते करू नये. ड्राइव्हशाफ्टच्या पोलादावर उष्णता देऊन कठीणपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या शेजारी तो जातो आणि पिळाचा प्रत्येक झटका नेमका त्याच जागी जिरतो. हव्या लांबीचे, दोन्ही टोकांना खाचा पाडलेले नवे शाफ्ट बनवून घ्यावेत. लांबी ठरवताना चाक पूर्ण वर, उभ्या उंचीवर आणि पूर्ण खाली अशा तिन्ही ठिकाणी आतल्या सांध्याला आत-बाहेर सरकायला किती जागा उरते ते पाहावे. शाफ्ट आखूड झाला की तेवढ्याच प्रवासात सांध्याचा कोन वाढतो, म्हणून चाक पूर्ण लोंबलेले असताना ते हाताने फिरवून कुठे अडकते का हेही तपासावे. अडकत असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या लांबीने किंवा पट्ट्याने चाकाचे लोंबणे मर्यादित करावे.

प्रश्न : मागचे ब्रेक डोनरचेच ठेवले आहेत. त्यांत काही बदल हवा का?

उत्तर : डोनर गाडीत मागच्या ब्रेकचा दाब रोखणारा व्हॉल्व्ह होता का, हे प्रथम पाहा, काही गाड्यांत तो मागच्या सस्पेन्शनच्या उंचीशी दांड्याने जोडलेला असतो आणि उंची बदलली की त्याचा हिशोब बिघडतो. असा व्हॉल्व्ह काढून हाताने जुळवता येणारा बसवावा. आपल्या गाडीत मागे भार अधिक टक्क्यांनी आहे आणि गाडी खाली बसलेली असल्याने ब्रेक लावल्यावर पुढे जाणारा भारही कमी आहे, त्यामुळे मागचे ब्रेक डोनर गाडीपेक्षा अधिक काम करू शकतात. तरीही जुळवणी करताना मोकळ्या, ओल्या, सरळ जागेत, कमी वेगापासून सुरुवात करून पाहावे आणि पुढची चाके मागच्यांच्या आधी अडकतील इतपतच दाब मागे सोडावा. एकट्या चालकासह आणि सोबत्यासह अशी दोन्ही प्रकारे ही तपासणी करावी, आणि स्प्रिंग किंवा टायर बदलल्यास ती पुन्हा करावी.